सुवार्ता आणि रोजचे काम

श्रोतेहो, सुवार्तेचा सेवक म्हटला की देवळात उभा राहून उपदेश करणारा माणूसच आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव नावाचे स्टेशन आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी ही सेवा निराळ्याच रीतीने केली. तीच हकिगत आज ऐका.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. ऐन तारुण्यात दुष्काळाने त्यांचे आईवडील नेले. भावाबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे पुण्याला त्यांच्या शारदा सदनातल्या काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या. धर्मांतराच्या भीतीने १८९३ साली पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या पालकांना नुसती नावे ठेवून भागणार नाही. त्यांची धास्ती खरी होती.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. उपाशी जिवाला आधी काय हवे, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही! केडगावच्या 'मुक्ति'त विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या, माग बसविले, छापखाना घातला. हाताला काम आणि डोळ्याला अक्षर, दोन्ही बरोबरच.

शिक्षकबंधूंनो, आता सांगतो ते खास तुमच्यासाठी. बायबलचे त्या वेळचे मराठी भाषांतर रमाबाईंना जड वाटे. दळणकांडण करणाऱ्या बाईला ते कसे उमगावे? म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध ग्रंथ साध्या मराठीत उतरवावयास बसल्या. संस्कृतच्या बळावर कलकत्त्याच्या पंडितांकडून 'पंडिता' ही पदवी मिळविलेली ही बाई! तिने तेच संस्कृत शब्द वेचून बाजूला ठेवावेत, हे सोपे नव्हे. विद्वत्ता दाखविण्याचा मोह आपल्यापैकी कितीजणांना आवरतो?

छापखान्यात खिळे जुळवीत होत्या त्या आश्रमातल्याच मुली. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. छापलेला ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.