तार पुसायला किती पैसे?

पनवेल सोडून गोव्याच्या वाटेला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण येतं. वासुदेव बळवंत फडके ४ नोव्हेंबर १८४५ रोजी इथेच जन्मले. समजा, गावातल्या पोरांनी त्यांच्यावर छोटी फिल्म करायला घेतली. नट पागोटं घालून ऐटीत चालत आला, आणि डोक्यावर विजेची तार! फडक्यांचं इंग्रजांविरुद्धचं बंड १८७९ चं, तेव्हा गावात विजेची तार कुठली? तार पुसणं आलं.

कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर काम हलकं. आभाळाचा तुकडा तारेवर चिकटवला की झालं. पण कॅमेरा हातात धरून चालत शूट केलं असेल तर चिकटवलेला तुकडा जागेवर राहत नाही. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर दहा सेकंदांत दोनशे चाळीस; प्रत्येकीत तुकडा हाताने सरकवत कोण बसणार? मग कॅमेरा कसकसा हलला, हे सॉफ्टवेअरलाच शोधायला लावायचं. याला म्हणतात कॅमेरा ट्रॅकिंग.

मोठ्या स्टुडिओंत यासाठी न्यूक नावाचं सॉफ्टवेअर चालतं. त्याचे मजले आहेत. साध्या न्यूकमध्ये कॅमेरा ट्रॅकर नाही, तो वरच्या न्यूकएक्समध्ये. त्याच्याही वर न्यूक स्टुडिओ, जिथे सगळे शॉट टाइमलाइनवर लावून तपासता येतात. गंमत अशी की शिकणाऱ्यांना न्यूकएक्ससुद्धा फुकट मिळतं. मात्र चित्र १९२० बाय १०८० च्या पुढे जात नाही, त्यावर पैसे कमवायचे नाहीत, आणि त्यात केलेली फाइल विकतच्या न्यूकमध्ये उघडत नाही. इफेक्ट करायच्या हुडिनी या सॉफ्टवेअरचंही तसंच. फुकटच्या अप्रेंटिसमध्ये आग, धूर, पाणी सगळं करा, पण चित्रावर हुडिनीचा शिक्का राहणार. वर्षाची कमाई एक लाख डॉलरच्या आत असेल, तर स्वस्तातलं इंडी लायसन्स मिळतं.

म्हणजे हत्यार जवळपास तेच. विकली जाते ती कमाईची परवानगी, आणि दुसऱ्याच्या कामाला आपलं काम जोडायची सोय. पेनड्राइव्हवरून आलेली क्रॅक केलेली प्रत ही परवानगी देत नाही, व्हायरस मात्र देऊ शकते.

दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा हिशेब निराळा. त्याच्या फुकट आवृत्तीवर धंदा करता येतो, आणि वरची स्टुडिओ आवृत्ती एकदाच विकत घ्यायची, दरवर्षी भाडं नाही.

पण आपल्या पोरांना मी ब्लेंडर हे फुकटचं सॉफ्टवेअरच सांगेन. कॅमेरा ट्रॅकिंग त्यात आहे, शिक्का नाही, कमाईवर अट नाही. तेही सुरुवातीपासून असं खुलं नव्हतं, बरं का. मालक कंपनी बुडाली तेव्हा, २००२ साली, वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली, सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि ते सर्वांसाठी सोडवून घेतलं.