ताल कोण तपासणार?
(कारापूर येथील गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

 

कारापूर-साखळीत घरोघरी माटोळीखाली घुमट आरती रंगते. घुमट, शामेळ, कासाळे यांचा ताल कणभर ढळला, तरी जाणत्या कानाला कळते. आज आम्ही अशाच एका तालाविषयी बोलणार आहोत. हा ताल मात्र सेकंदाला अब्जावधी ठोक्यांचा, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरींचा आहे.

त्याची आपल्याला काय गरज? पणजीला आल्तिनोवर हवामान खात्याचे डॉप्लर रडार आहे. असे रडार लहर सोडते आणि पावसाच्या थेंबांवर आपटून परत आलेली लहर तपासते. 10 सेंटिमीटर लांबीच्या लहरीची सेकंदाला सुमारे 300 कोटी कंपने होतात. थेंब ताशी 36 किलोमीटर वेगाने रडारकडे येत असतील, तर त्यात फरक पडतो फक्त 200 कंपनांचा! रडारची स्वतःची लहरच डळमळली, तर हा फरक ओळखणे कठीण. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. अशा वेळी होडी पाण्यात लोटावी की नाही, हे वाऱ्याच्या नेमक्या वेगावर ठरते.

या डळमळीला 'फेज नॉइज' म्हणतात. ती मोजायला अधिक शुद्ध लहर शेजारी ठेवून ताडून पाहावे लागते. पण हातातली लहरच सर्वांत शुद्ध असली तर? गावातल्या सर्वांत जाणत्या घुमटवादकाची परीक्षा कोणी घ्यायची? एक उपाय असा: त्याचा मघाचा ठेका त्याच्याच आताच्या ठेक्याशी ताडायचा.

मघाचा ठेका जपून ठेवण्याचे काम प्रकाश करतो. मायक्रोवेव्हच्या तालावर लेसरची तीव्रता कमीजास्त करायची आणि तो प्रकाश 2 किलोमीटर काचतंतूतून सोडायचा. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणून त्याला सेकंदाचा एक लाखावा भाग उशीर होतो. पलीकडे त्याची पुन्हा विजेची लहर करून ती थेट आलेल्या लहरीशी ताडायची. मधल्या वेळात ताल जेवढा ढळला, तेवढा फरक दिसतो. तांब्याच्या तारेत एवढ्या अंतरात ही लहर विरून जाते. चांगल्या काचतंतूत मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश उरतो.

आता लेसरचीही स्वतःची थरथर असतेच. म्हणून दोन वेगळे लेसर, दोन वेगळे काचतंतू घेऊन तेच मोजमाप एकाच वेळी दोनदा करतात. दोन्हींत सारखे दिसते ते लहरीचे. एकातच दिसते ते उपकरणाचे. हजारो वेळा सरासरी काढली की उपकरणाचा दोष मागे पडतो.

काचतंतू आपल्या मुलुखाला नवा नाही. पुणे जिल्ह्यात खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ दुर्बिणींचे संकेत काचतंतूतूनच मध्यवर्ती इमारतीत येतात. आपल्या घरात इंटरनेट आणणारी तारही त्याच जातीची. आपल्या मुलामुलींनी तिच्यात एवढेही शिकण्यासारखे आहे हे ओळखावे, हीच बाप्पाचरणी प्रार्थना.