परसांतील खार आणि शिकारीचा हंगाम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्वभागांत घराच्या परसांत ओकचें एखादें जुनें झाड असलें, म्हणजे त्यावर करडी खार असावयाचीच. महाराष्ट्रांतील खारीसारखे पट्टे तिच्या पाठीवर नसतात. वजन सुमारें अर्धा किलो, आणि शेंपूट जवळजवळ अंगाएवढें लांब व झुबकेदार. पक्ष्यांसाठीं टांगलेलें सूर्यफुलाचें बीं ती उलटी लोंबकळून फस्त करते, आणि घरांतील मुलें खिडकींतून तिची गंमत पाहतात. त्याच घरांतील गृहस्थ मात्र कित्येकदां सप्टेंबर लागला कीं बंदूक घेऊन रानांत जातो व तिच्याच जातीची खार मारून आणतो. कुंपणाच्या आंत पाहुणी आणि रानांत सावज! हा विरोध परक्याला चमत्कारिक वाटेल. परंतु त्याच्या मुळाशीं फार जुना अनुभव आहे.

वसाहतींच्या काळीं खार ही शेतकऱ्याची शत्रु मानली जाई, कारण जंगल तोडून पेरलेल्या मक्यावर तिच्या झुंडी पडत. पेन्सिल्व्हानियांत प्रत्येक खारीमागें तीन पेन्स बक्षीस ठेवण्यांत आलें. पेर काल्म या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञानें दिलेल्या माहितीप्रमाणें १७४९ या एका वर्षांत त्यापायीं आठ हजार पौंड खर्च झाले. म्हणजे ६,४०,००० खारी मारल्या गेल्या. ओहायो संस्थानानें तर १८०७ सालीं कायदाच केला. करदात्यानें करासोबत खारींच्या डोक्यांवरील कातडीं आणून द्यावीं; कमींत कमी दहा, जास्तींत जास्त शंभर; आणि कमी पडतील त्यांबद्दल प्रत्येकीं तीन सेंट भरावे, असा तो नियम होता. १८२२ मध्यें त्याच संस्थानांतील फ्रँकलिन परगण्यांत झालेल्या सामुदायिक शिकारींत १९,६६० कातडीं मोजण्यांत आलीं. अशा काळीं हंगामाचा विचार कोण करणार?

पुढें बंदुकीपेक्षांहि कुऱ्हाडीनें मोठा घात केला. ओक आणि हिकरी यांचीं अरण्यें तुटलीं, तसा खारींचा आसरा व आहार दोन्ही गेले. शहरांतील लोकांना मात्र रानाची आठवण हवी होती. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन चौकांत १८४७ सालीं तीन खारी मुद्दाम सोडण्यांत आल्या. १८७७ मध्यें न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्येंहि तसेंच करण्यांत आलें. पूर्वी जिच्या डोक्याला किंमत लागली होती, तिलाच आतां लोक हातानें दाणे भरवूं लागले.

शिकारीच्या हंगामाची कल्पना या दोन टोकांच्या मधली आहे, आणि तिचा खरा आधार खारीच्या घरट्यांत सांपडतो. करडी खार वर्षांतून दोन वेळां वितें. एकदां फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आणि पुन्हां जुलै-ऑगस्टमध्यें. गर्भकाल सुमारें ४४ दिवसांचा. पिलें जन्मतः आंधळीं व केंसरहित असतात. डोळे उघडावयास चार-पांच आठवडे लागतात, आणि दूध सुटावयास आठ ते दहा. या अवधींत आई मारली गेली, तर ढोलींतील पिलें उपाशीं मरतात. म्हणून कायद्यानें उघडलेल्या महिन्यांपेक्षां बंद ठेवलेल्या महिन्यांचें महत्त्व अधिक आहे. ओहायोंत हा हंगाम १ सप्टेंबरपासून ३१ जानेवारीपर्यंत, आणि दिवसाला सहा खारींची मर्यादा. मिसूरींत मात्र मे महिन्याच्या चौथ्या शनिवारींच तो सुरू होतो व १५ फेब्रुवारीस संपतो.

या तारखा निर्दोष आहेत असें नाहीं. ऑगस्टमध्यें जन्मलेलें पिलूं १ सप्टेंबरला अद्याप दूधच पीत असतें. मिसूरीच्या हंगामांत तर दुसरें वेत सबंधच येतें. खारींची एकंदर संख्या मुख्यतः ओक व हिकरी यांच्या फळांच्या पिकावर अवलंबून असते, त्यामुळें शिकारीनें जातीला धोका नाहीं, असें याचें समर्थन केलें जातें. हिशेब म्हणून तें खरें आहे; पण ढोलींतल्या पिलाला तो हिशेब ठाऊक नसतो. म्हणून कायदा मुभा देत असला, तरी विवेकी शिकाऱ्यानें पानगळ होईपर्यंत थांबावें, हेंच उचित. तोंपर्यंत पिलें स्वतंत्र झालेलीं असतात, आणि उघड्या फांदीवर नेमहि चुकत नाहीं.

परसांत बहुधा बंदुकीचा प्रश्नच येत नाहीं. अनेक नगरांच्या हद्दींत ती झाडण्यास मनाई असते. पेन्सिल्व्हानियांत तर वस्तीच्या घरापासून १५० यार्डांच्या आंत, राहणाऱ्याच्या परवानगीवांचून, बंदुकीनें शिकार करतां येत नाहीं. तथापि घरमालकाचीहि परीक्षा असते. खार माळ्यावर शिरते, लांकूड कुरतडते, विजेच्या तारा सोलते. मग तो त्रासून मार्चमध्यें किंवा ऑगस्टमध्यें भोंक बुजवितो. आई बाहेर राहते आणि पिलें आंत कोंडलीं जातात. त्याच्या हातांत बंदूक नसते, पण परिणाम तोच होतो. भोंक बुजवावें, यांत गैर कांहींच नाहीं. मात्र आधीं माळा पाहावा, आणि आंत पिलें असल्यास तीं आईच्या मागें बाहेर पडेपर्यंत कांहीं आठवडे कळ काढावी.

महाराष्ट्रानें शेकरूला राज्यप्राणी मानलें आहे, आणि त्याची शिकार बारा महिने वर्ज्य आहे. अमेरिकेंतील करडी खार विपुल आहे, म्हणून तेथील कायद्याला मधला मार्ग परवडतो. परंतु शिकारी असो वा घरमालक, त्याला दिनदर्शिका पाहावयाची ती स्वतःच्या सोयीची नव्हे, घरट्यांतल्या पिलांची.