मद्यार्काची टाकी डिकींत

टर्बो बसविलेल्या मोटारीच्या एंजिनांत हवा दाबून भरली जाते. दाबलेली हवा तापते, हें सायकलच्या चाकांत हवा भरणाऱ्या शाळकरी पोरालाहि ठाऊक असतें. ही हवा फार तापली म्हणजे पेट्रोलचें मिश्रण शांतपणें जळण्याऐवजीं एकदम स्फोट पावतें, एंजिनांतून ठोके ऐकूं येतात, आणि ठोके चालूच राहिले तर दट्ट्याचा माथा वितळूं लागतो. यावर उतारा म्हणून हवेच्या वाटेंत पाणी व मद्यार्क यांचा बारीक फवारा सोडतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५४० कॅलरी उष्णता शोषली जाते. काष्ठमद्यार्काच्या, म्हणजे आजच्या व्यवहारांतील मिथेनॉलच्या, बाबतींत हा आंकडा सुमारें २६० आहे.

ही युक्ति मूळची विमानांची. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ या विमानाच्या कांहीं प्रकारांत निम्में मिथेनॉल, जवळजवळ निम्में पाणी आणि गंज चढूं नये म्हणून किंचित् तेल असें मिश्रण वापरीत. सलग दहा मिनिटांहून अधिक वेळ तें फवारण्याची मुभा वैमानिकास नसे. पुढें १९६२ सालीं अमेरिकेंतील ओल्ड्समोबाइल कंपनीनें आपल्या जेटफायर मोटारींत तीच योजना केली. टाकी रिकामी झाली कीं टर्बोचा दाब आपोआप कमी होई, ही व्यवस्था शहाणपणाची होती. परंतु मालक टाकी भरावयास विसरत आणि गाडी मंदावली म्हणून तिलाच बोल लावीत!

जेटफायरची टाकी बॉनेटखालीं होती. वर्सोव्यासारख्या ठिकाणीं एखादा हौशी मालक आज ही यंत्रणा बसवितो, तेव्हां ती टाकी मागें डिकींत न्यावी असें त्याच्या मनांत येतें. विचार वावगा नाहीं. बॉनेटखालीं जागा नसते; कांच धुण्याच्या पाण्याची लहानशी टाकी वापरावी तर ती लौकर संपते. शिवाय एंजिनाच्या धगीनें तापलेलें मिश्रण हवा थंड करण्यासाठीं फवारणें हेंहि विचित्रच. डिकींत जागा आहे आणि ती थंडहि आहे.

पण टाकी मागें गेली म्हणजे नळी लांबते, आणि सारी गोम या नळींत आहे. चार मिलिमीटर पोकळीची चार मीटर नळी घेतली तर तिच्यांत सुमारें ५० घनसेंटिमीटर द्रव मावतो. मिनिटाला ३०० घनसेंटिमीटर देणाऱ्या पंपाला अशी रिकामी नळी भरावयास दहा सेकंद लागतात, आणि एंजिनाचा घात व्हावयास तेवढा वेळ पुष्कळ झाला. म्हणून फवाऱ्याच्या तोंडाजवळ एक झडप लागते. ती मिटली कीं नळी भरलेली राहते. हीच झडप दुसरेंहि संकट टाळते. एंजिन मंद चालत असतांना आंत जी निर्वात ओढ असते तिनें द्रव आपोआप खेंचला जाऊं शकतो, व तो सिलिंडरांत सांचला तर दट्ट्या अडून दांडा वाकतो. पंपाला ढकलणें जमतें, ओढणें तितकें जमत नाहीं. यास्तव तो एंजिनाजवळ न ठेवतां टाकीशेजारीं, तिच्या तळाच्या खालच्या पातळीवर बसवितात. नळी धुराड्याच्या बाजूनें न्यावयाची नसते, हें निराळें सांगावयास नकोच.

इतकें सारें नीट केलें तरी खरा प्रश्न पुढेंच आहे. डिकी आणि माणसें बसतात ती जागा यांच्यामध्यें बहुतेक गाड्यांत पाठीमागच्या आसनाखेरीज फारसा आडोसा नसतो. शुद्ध मिथेनॉलची वाफ अवघ्या ११ अंश सेंटिग्रेडला ठिणगीनें पेटूं शकते. निम्में पाणी घातलें तरी मुंबईच्या दुपारीं धोका टळत नाहीं. त्याची ज्वाला दिवसाउजेडीं धड दिसतहि नाहीं. मुंबईच्या टॅक्सींत नैसर्गिक वायूचा सिलिंडर डिकींत आला, तेव्हां त्याच्या तोंडापासून एक नळी गाडीबाहेर काढावी लागली. तो वायु तरी हवेहून हलका आहे. मिथेनॉलची वाफ किंचित् जड असल्यानें तळाशीं रेंगाळते. शिवाय मागून धक्का बसला तर प्रथम चेपते ती डिकीच.

त्यांतून तें विष आहे. वर्सोव्याहून उत्तरेस फार लांब नसलेल्या मालाडच्या मालवणींत जून २०१५ मध्यें मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसें दगावलीं. थोडेंसें पोटांत गेलें तरी दृष्टि कायमची जाते. तें पाण्यासारखें स्वच्छ दिसतें, आणि घरांतील पोरें डिकी उघडीत असतात.

आतां या मिश्रणांत मद्यार्क कशासाठीं, हें पाहिलें पाहिजे. तो ठोके आवरतो हें खरें. पण उंच आकाशांतल्या थंडींत पाणी गोठूं नये हेंहि त्याचें एक मोठें प्रयोजन होतें. वर्सोव्याला पाणी गोठण्याची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. अंधेरीकडे जाणाऱ्या जयप्रकाश मार्गावरील गर्दींत टर्बोला पुरता दाब धरावयास अवसरच सांपडत नाहीं. म्हणजे भरलेली टाकी आठवडेच्या आठवडे उन्हांत नुसती उभी. बी. एम्. डब्ल्यू. कंपनीच्या २०१६ च्या एम् ४ जी. टी. एस्. या मोटारींत टाकी डिकींतच आहे, पांच लिटरची. पण तींत केवळ ऊर्ध्वपातित पाणी भरतात. एंजिन बंद केलें कीं नळ्यांतलें पाणी टाकींत परत येतें. मालकानें हाच कित्ता गिरवावा हें उत्तम. मात्र मद्यार्कावर बेतलेली ठिणगीची वेळ तशीच ठेवून पाणी भरतां येत नाहीं. ती मागें घ्यावी लागते, आणि चार घोड्यांची शक्ति त्यांत जाते ती जाऊं द्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें वाहनाच्या रचनेंत मनमानी फेरफार करण्यास बंदी आहे, तेव्हां छिन्नी हातीं घेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारणा करणें भाग आहे. आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत गाडीखालून जाणाऱ्या नळीचे धातूचे सांधे लौकर खातात. ते दर पावसाळ्याच्या तोंडावर आणि पाऊस सरल्यावर असे दोनदां तरी तपासावे लागतात.