समुद्रातलं देऊळ
(गणेशोत्सवात ‘प्रवासाच्या गप्पा’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रेल्वेतला माणूस. पण आज तुम्हाला रेल्वेच नसलेल्या गावी नेणार आहे. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटाची राजधानी, पोर्ट ऑफ स्पेन. मेहुणा तिथे नोकरीला होता, म्हणून आम्हां उभयतांना हा योग आला.

तिथे १८७६ साली सुरू झालेली रेल्वे १९६८ मध्ये बंद झाली. जुन्या स्टेशनातून आता बसगाड्या सुटतात. मी उगाचच रूळ शोधत फिरलो. सौ. म्हणाल्या, “अहो, रजेवर आहात!”

क्वीन्स पार्क ओव्हलसमोर मात्र हात जोडले. १९७१ मध्ये इथेच सुनील गावसकरने पहिल्या कसोटीत ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या आणि वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला प्रथमच हरवलं. जवळच सवाना हे अवाढव्य मैदान. कडेला शहाळेवाले उभे. नाश्त्याला ‘डबल्स’, म्हणजे दोन मऊ वड्यांमध्ये छोल्यांची उसळ. बोटं चाटत खाल्ले.

पोहण्याजोगे किनारे डोंगरापलीकडे आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने शहराजवळचा चागुआरामासचा किनारा नाविक तळासाठी घेतला. लोकांची चौपाटी गेली, म्हणून त्यांनी डोंगर फोडून माराकासच्या किनाऱ्यापर्यंत रस्ता करून दिला. वळणावळणाचा घाट आणि खाली नारळीबनाची अर्धवर्तुळाकार खाडी! लाटा मात्र दांडग्या. जीवरक्षकांच्या निशाणांमध्येच पोहायचं.

पण मला खरं सांगायचंय ते दक्षिणेकडच्या वॉटरलू गावच्या किनाऱ्याबद्दल. तिथे वाळू नाही, चिखल आहे. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून सव्वादोनशेच्या आसपास हिंदी मजूर या बेटावर उतरले. १९१७ पर्यंत जवळजवळ दीड लाख आले, बहुतेक उसाच्या मळ्यांवर. त्यांच्यातलाच एक शिवदास साधू. त्याने १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची. १९५२ मध्ये देऊळ पाडलं गेलं आणि त्याला चौदा दिवस तुरुंग झाला. सुटून आल्यावर तो म्हणाला, जमीन तुमची, समुद्र तर कुणाचा नाही ना? सायकलला बादल्या अडकवून दगड, सिमेंट नेत त्याने ओहोटीच्या वेळी भर समुद्रात भराव घालायला घेतला.

मंडळी, पाण्यात भराव टिकवणं म्हणजे काय, हे आम्हाला विचारा! आज टाकलेला दगड उद्या जागेवर असेलच असं नाही. आमच्याकडे यंत्रं असतात, माणसं असतात, निविदा असतात. हा गडी एकटा, वर्षानुवर्षं. लोक वेडा म्हणत. १९७० मध्ये तो गेला तेव्हा काम अपुरंच होतं. हिंदी लोकांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली, त्या १९९५ साली सरकारने ते देऊळ नव्याने उभारलं. आता बांधावरून चालत जाता येतं.

गेल्या वर्षी आपल्याला नेहमीचं मैदान मिळालं नाही. ‘यंदा सार्वजनिक गणपती नको, घरोघरीच बसवू’ असं म्हणणाऱ्यांत, खरं सांगतो, मीही होतो. त्या बांधावर उभा असताना मला आपली ती बैठक आठवली आणि लाज वाटली. शेवटी कुणीतरी आपलं अंगण दिलं आणि गणपती बसला. पुढच्या वर्षी जागेचा प्रश्न आला, तर पहिली बादली मी उचलीन.

गणपती बाप्पा मोरया!