वाटेवरचे शेजारी

(महोत्सवाच्या सायंकाळच्या सभेंत वाचलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासावर बोलण्यास आमच्याहून अधिक जाणते वडीलधारे येथें बसलेले आहेत. मंदिराचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं दिली, शाळा कशी उभी राहिली, हें त्यांच्या तोंडून ऐकणेंच शोभेल. आम्हांस नेमून दिलेला विषय लहान आहे. वाटेवर भेटलेल्या अनोळखी माणसांची दया, एवढाच तो विषय. परंतु ज्या दात्यांचीं नांवें कोणत्याही नोंदवहींत सांपडत नाहींत, त्यांचेंही स्मरण महोत्सवाच्या दिवशीं व्हावें असें आम्हांस वाटतें. तें करितांना स्वतःच्या एका अपराधाची कबुलीही आम्हांस द्यावयाची आहे. ती शेवटीं देऊं.

प्रथम शास्त्राकडे वळूं. संत पौल कैदी म्हणून रोमकडे नेले जात असतां त्यांचें तारूं तुफानांत सांपडून माल्टा बेटाजवळ फुटलें. तारवावर २७६ माणसें होतीं. तीं सर्व भिजून, थंडीनें काकडत किनाऱ्यास लागलीं. बेटावरील लोकांची भाषा निराळी, देव निराळे. आलेल्यांत कैदी कोण व शिपाई कोण, हेंही त्यांस ठाऊक नव्हतें. पाऊस पडत आहे व माणसें कुडकुडत आहेत, एवढें पाहून त्यांनीं शेकोटी पेटविली आणि सर्वांस जवळ घेतलें. प्रेषितांच्या कृत्यांत संत लूक हा प्रसंग सांगतात तेव्हां त्या दयेस ते असाधारण समजतात. लहानपणीं आम्हीं हें अनेकदां ऐकिलें. परंतु त्या शेकोटीची ऊब कशी असते, तें आम्हांस २००५ सालीं कळलें.

त्या वर्षीं २६ जुलै रोजीं मंगळवार होता. पवित्र मरियेचे मातापिता संत योआकिम व संत अन्ना यांचा तो सण. त्या दिवसाचा पाऊस आपणांपैकीं पुष्कळांनीं अंगावर घेतला आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेंत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच अवधींत कुलाब्यास सुमारें ७३ मिलिमीटरच पडला. त्यामुळें शहराच्या दक्षिण भागांत कचेरींत बसलेल्या चाकरमान्यांस उपनगरांत काय अनर्थ चालला आहे याची कल्पनाच नव्हती. मिठी नदी पात्राबाहेर पडली, समुद्राच्या भरतीनें पाण्याची वाट अडली, आगगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या, दूरध्वनि मुके झाले. एकट्या मुंबईंत चारशेंहून अधिक माणसें त्या प्रलयांत दगावलीं.

आम्ही व आमच्या आळींतले एक गृहस्थ, असे दोघे दादरला होतों. गाडी मिळत नाहीं असें पाहून, आज ना उद्यां वसई गांठूंच, अशा हट्टानें आम्ही पायीं निघालों. माहीमपर्यंत घोट्याइतकें पाणी होतें. वांद्र्यास तें गुडघ्याच्या वर आलें. खार ओलांडून सांताक्रूझकडे निघालों तेव्हां अंधार पडला होता व पाणी छातीस लागत होतें. रस्ता कोठें व गटार कोठें, हें कळण्यास मार्ग नव्हता. झांकण निघालेल्या गटारांत माणूस नाहींसा होतो, ही एकच भीति प्रत्येकाच्या मनांत होती, आणि ती कोणी बोलून दाखवीत नव्हता.

अशा ठिकाणीं जवळच्या वस्तींतल्या कांहीं पोरांनीं एका विजेच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोरखंड बांधला होता. गटाराच्या तोंडाशीं एक जण स्वतः उभा राहून, “इकडून नको, तिकडून,” असें ओरडत होता. तो दुपारपासून तसाच उभा असल्याचें मागाहून कळलें. त्याचा आवाज बसला होता. ज्या वस्तीजवळून एरव्हीं जातांना आपण खिसा सांभाळतों, त्याच वस्तीचीं तीं पोरें. बायकांच्या हातांतल्या पिशव्या डोक्यावर घेऊन, लहान मुलांस खांद्यावर बसवून, तीं सर्वांस पार करीत होतीं. आणि पार झालेल्याचे आभार ऐकण्यास न थांबतां पुनः पाण्यांत शिरत होतीं.

पुढें एका चाळीच्या जिन्यावरून एका म्हाताऱ्या बाईनें आम्हांस हांक मारिली. “आगे मत जाओ बेटा, ऊपर आओ,” असें ती म्हणाली. तिच्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांत पाणी शिरलें होतें. वरची खोली तिच्या लेकाची. दहा बाय बाराच्या त्या खोलींत आम्ही अकरा जण परके होतों. त्यांत दोन कॉलेजांतल्या मुली होत्या, एक बँकेंतले कारकून, एक फळें विकणारा व त्याची रिकामी पाटी. त्या बाईनें आम्हांस कोरडीं लुंगीधोतरें दिलीं, चहा दिला, आणि घरांत होतें नव्हतें तेवढ्या तांदुळाची व डाळीची खिचडी टाकिली. मुलींस तिनें आपल्याजवळ निजविलें. तिचा लेक रात्रभर उंबऱ्यावर बसून होता, कारण पाय पसरण्यास जागा उरली नव्हती.

त्या दिवसाची जपमाळ राहिली होती, म्हणून आम्हीं ती भिजल्या खिशांतून काढिली. परक्याच्या घरीं, तेंही मुसलमानाच्या घरीं, कसें म्हणावें, असा संकोच वाटून आम्हीं ती मुठींत लपविली. म्हातारीनें तें पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं. उशाखालून आपली तसबीह काढून तिनें आम्हांस दाखविली, आणि मणी ओढीत भिंतीकडे तोंड करून बसली. मग आम्हींही आमचे मणी ओढिले.

सकाळीं निघतांना आम्हीं पैसे पुढें केले. लेकानें हात मागें घेतला. कोणाच्या घरीं तुमचा मुलगा अडकला असेल तर तोही असाच बसलेला असेल, एवढेंच तो बोलला. पुढें अंधेरीपासून दहिसरपर्यंत लोक दारापुढें पाण्याचीं पिंपें, बिस्किटें, केळीं घेऊन उभे होते. दहिसरपुढें एका मालमोटारीनें आम्हांस ताडपत्रीखालीं जागा दिली व वसई फाट्यावर उतरविलें. सण आटोपून एक दिवस लोटल्यावर आम्ही घरीं पोंचलों. आईनें संत अन्नेच्या तसबिरीपुढें लाविलेली मेणबत्ती जळून थिजली होती.

बंधुभगिनींनो, आम्हांस लाज वाटणारी गोष्ट ही, कीं त्या बाईचें नांव आम्हीं विचारिलें नाहीं. पांच महिन्यांनीं नाताळाच्या सुमारास फराळाचा डबा घेऊन आम्ही तिकडे गेलों. परंतु अंधारांत पाहिलेली ती गल्ली उजेडांत आम्हांस सांपडली नाहीं. डबा परत आणिला. तें ऋण अजून आमच्या माथ्यावर आहे.

आतां यरिहोच्या वाटेकडे पाहूं. यरुशलेमहून यरिहोस उतरणारी ती वाट पंचवीस किलोमीटरांहून किंचित् अधिक लांब, आणि तेवढ्यांत उतार सुमारें एक हजार मीटरांचा. उजाड डोंगर, आडवळणें, लुटारूंस सोयीची जागा. याजक गेला, लेवी गेला, आणि शोमरोनी थांबला. त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्या माणसास आपल्या जनावरावर घातलें, आणि उतारशाळेच्या मालकास दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, देऊन अधिक खर्च झाल्यास परततांना फेडण्याचें वचन दिलें.

हा दृष्टांत ऐकतांना आपण प्रत्येक वेळीं स्वतःस शोमरोन्याच्या जागीं बसवितों. दया करणारे आपण, व घेणारा दुसरा, असा आपला समज असतो. त्या रात्रीं तो समज पाण्यांत वाहून गेला. वाटेवर पडलेले आम्ही होतों, आणि ज्यांस आपण परके म्हणतों त्यांनीं आम्हांस उचललें. शास्त्र्यानें प्रभूस विचारिलें, माझा शेजारी कोण? प्रभूनें प्रश्न उलटा केला, कीं पडलेल्याचा शेजारी कोण झाला? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं ३ ऑक्टोबर २०२० रोजीं असिसी येथें ज्या विश्वपत्रावर सही केली, त्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’चें दुसरें प्रकरण याच दृष्टांतास वाहिलेलें आहे. शेजारी हा जवळच्या घराचा नव्हे, तर जवळ जाणारा, हें त्यांतून शिकावयाचें आहे.

आतां आमची कबुली. २०११ सालच्या पावसाळ्यांत, एका सायंकाळीं, आम्ही सहकुटुंब मोटारींतून नोवेनेस निघालों होतों. महामार्गाच्या कडेस एक दुचाकी पडली होती, व तिच्या पलीकडे एक तरुण. तो हलत होता. आम्हीं गाडी हळू केली. काच खालीं केली. मग मनांत आलें, पोलीस विचारतील, कोर्टाच्या खेपा पडतील, नोवेना चुकेल. मागून येणारा कोणी थांबेलच. काच वर केली व निघून गेलों. मागच्या बांकावरून आमच्या धाकट्या मुलीनें विचारिलें, “बाबा, आपण का नाही थांबलो?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही त्या जागीं जाऊन आलों. फुटलेल्या दिव्याच्या कांचा तेवढ्या होत्या. तो तरुण वांचला कीं नाहीं, हें आम्हांस आजवर कळलेलें नाहीं. सहा वर्षांपूर्वीं गटाराच्या तोंडाशीं कोणी एक आमच्यासाठीं छातीभर पाण्यांत उभा होता, आणि आम्ही कोरड्या रस्त्यावर दोन मिनिटें थांबलों नाहीं. पापनिवेदनाच्या संस्कारांत आम्हांस क्षमा मिळाली. तरी आपणांस हें सांगावें असें वाटलें, कारण त्या दिवशीं याजक व लेवी ज्या पवित्र कामास निघाले असतील, तसल्याच कामास आम्हीही निघालों होतों.

पोलिसांचें व कोर्टाचें निमित्त आतां कोणासही उरलेलें नाहीं. ३० मार्च २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अपघातग्रस्तांस मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम घालण्यांत आलें. सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून कांहीं चूक होऊन जखमीस अपाय झाला तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाहीं. त्यास नांव-पत्ता सांगण्याची सक्ति नाहीं. साक्षीदार होण्याचीही नाहीं. कायद्यानें या मदतनिसास शुभवर्तमानांतल्या त्या परक्याचेंच नांव दिलें आहे. आणि गरज केवढी आहे पहा: २०२२ या एका वर्षांत भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांतलीं कितीएक पहिल्या तासांत इस्पितळांत पोंचतीं तर वांचलीं असतीं.

म्हणून महोत्सवाचें स्मारक म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. तरुण मंडळानें प्रथमोपचाराचा वर्ग भरवावा, आणि पहिला विद्यार्थी म्हणून आमचें नांव लिहावें. रुग्णवाहिकेचा १०८ व आपत्तीचा ११२ हे आंकडे मंदिराच्या दारावर, वाटसरूस दिसतील असे, रंगवावेत. आणि पूर येईल त्या दिवशीं सभागृहाची किल्ली कोणाकडे आहे, हें आजच ठरवावें. दार ठोठावणाऱ्याची जात व धर्म विचारूं नये, नांव मात्र विचारावें, म्हणजे त्यास पुढें आपणांस शोधीत फिरावें लागणार नाहीं.

लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वर पन्नासाव्या वर्षाच्या महोत्सवाची आज्ञा देतो. त्याच अध्यायांत तो आपल्या प्रजेस बजावितो, कीं भूमि माझी आहे आणि तुम्ही माझ्यापाशीं परके व उपरे आहां. महोत्सव साजरा करणाऱ्यास स्वतः परका असल्याची आठवण हवी, असाच त्याचा हेतु असावा. आपण सर्व वाटेवरचे आहों. त्या म्हातारीस परमेश्वरानें तिच्या खिचडीचें फळ द्यावें. त्या तरुणास, तो जेथें असेल तेथें, आपली दया दाखवावी. आणि पुढच्या वेळीं काच खालीं झाली म्हणजे दारही उघडण्याचें बळ आम्हांस द्यावें, एवढी प्रार्थना आपण सर्वांनीं आमच्याबरोबर करावी.