बॉबिन निवडताना

पॉलिएस्टर धाग्याच्या कारखान्यांसाठी आपलं सिल्वासा ओळखलं जातं. पण घरी ब्लाउज शिवताना खालचा दोरा गुंतला, तर दरवेळी दोऱ्याला दोष देऊ नका. आधी बॉबिन तपासा.

घरगुती काळ्या मशिनला बहुधा १५ क्लासची बॉबिन लागते. ती दोन्ही बाजूंनी सपाट, सुमारे २० मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटरहून किंचित कमी उंच असते. ६६ क्लासची बॉबिन वरवर तशीच दिसते, पण तिच्या बाजू फुगीर आणि उंची थोडी कमी असते. एवढ्याशा फरकानेही टाका बिघडतो. म्हणून दुकानात जाताना जुनी बॉबिन आणि बॉबिन केस सोबत न्या. नवी बॉबिन केसमध्ये मोकळी फिरली पाहिजे, पण खडखडता कामा नये. काठ वाकलेली किंवा चरा पडलेली बॉबिन वापरू नका.

दोरा एकसारखा भरा, काठोकाठ नको. मग भरलेली केस दोऱ्याला धरून लोंबती ठेवा. हलका झटका दिल्यावर ती थोडीच खाली सरकली, तर ताण बरोबर. घसरतच गेली, तर केसचा स्क्रू किंचित आवळा. आणि चांगल्या कापडाला सुई लावण्याआधी चिंधीवर चार टाके जरूर घालून पाहा.